विमानाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून विमानं सुरू झाली, तेव्हापासून आमच्या तिकिटांच्या टेबलावर एकच हिशेब मांडला जातो. सोलापूर-मुंबई हवाई अंतर साधारण ३५५ किलोमीटर, जेटचा वेग ताशी ८००, म्हणजे अर्धा तासही लागायला नको. मग विचारतात, 'तिकिटावर पाऊण-एक तास कसा काय दाखवतंय ओ?'

अंतराला वेगाने भागणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ८०० चा वेग उंचावर गेल्यावरचा. एवढ्याशा अंतरात विमान चढून स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायला लागतं. शिवाय तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. रांग लागली की विमान आकाशात घिरट्या घालतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार दुबईला निघाले होते. मुलाने मोबाईलवर असाच भागाकार केला आणि सोलापूर-मुंबई, मुंबई-दुबई अशी दोन वेगळी तिकिटं काढली. मी म्हटलं, 'काका, आदल्या दिवशी जावा.' मुलगा म्हणाला, 'अर्ध्या तासाचं तर काम आहे की.' सोलापूरचं विमान तसं वेळेत पोचलं. पण तिकिटं वेगळी, म्हणून सामान ताब्यात घ्यायचं, टर्मिनल बदलायचं, पुन्हा रांगेत लागायचं. परदेशी विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. टॉवेलच्या नमुन्यांची बॅग घेऊन ते बंद काउंटरसमोर उभे, आणि तिथूनच मला फोन. नवं तिकीट, वेगळी तिकिटं काढून वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी वर गेलं. दहा मिनिटं शांत बसून ऐकलं असतं तर हे टळलं असतं. ही घाई बघून खरंच जीव तुटतो. तिकिटं वेगळी असली तर मी मध्ये पाच तास सोडतो, नाहीतर आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला पाठवतो.

दुसरी चूक घड्याळाची. मुंबईहून दहाला सुटलं, दुबईला साडेअकराला उतरलं, म्हणजे दीड तास? नाही. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. प्रवास झाला तीन तासांचा. येताना बहुतेक वेळा थोडा कमी लागतो, कारण उंचावरचा पश्चिमेचा वारा मागून ढकलतो. जाण्याच्या वेळेवरून परतीची वेळ ठरवू नका.

गाडीचं भाडं हवाई अंतरावर ठरवू नका. सोलापूरहून हैदराबाद सरळ रेषेत २७० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने ३०० च्या वर.

वैमानिकी आकडे नॉटिकल मैलात असतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधा मैल नव्हे.

गोव्यात मोपा आणि दाबोळी असे दोन विमानतळ आहेत. लग्न मडगावला आणि तिकीट मोपाचं असेल, तर पुढे रस्त्याचा दीड तास धरा.

आणि बुकिंग करताना विमानतळांच्या यादीत बोट घसरून सोलापूरऐवजी कोल्हापूर निवडलं जातं. पैसे भरण्याआधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचा: सोलापूर एसएसई, कोल्हापूर केएलएच.