मण्यार: चावली तरी दुखत नाही, म्हणूनच या चुका टाळा

पावसाळा लागला की पुण्यात धायरी, कात्रज, वारजे साइडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सापांचे फोटो सुरू होतात आणि खाली लगेच कोणीतरी ठोकून देतं, कवड्या आहे, बिनविषारी. असं कृपया करू नका. ढोबळ फरक म्हणजे कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, विषारी मण्यारीचं उलटं, मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट, मागे मात्र बारीक पांढरे आणि बरेचदा जोडीजोडीने. पण पिल्लांना पुढेही पट्टे दिसतात, त्यामुळे खात्री नसेल तर मण्यारच समजा.

दुसरं, दिवसा ती वेटोळ्यात डोकं खुपसून गप्प पडलेली असते म्हणून लोक काठीने ढोसतात, बादलीत भरायला जातात. रात्री हीच मण्यार उंदीर, पाली, इतर सापसुद्धा शोधत फिरते आणि तेव्हा जाम चपळ असते. लांबून नजर ठेवा, वनविभागाच्या १९२६ ला फोन करा.

सगळ्यात जीवघेणी चूक चावल्यानंतरची. दंश मुंगी चावल्यासारखा, सूज नाही, खूण पण सापडत नाही कधी कधी. झोपेतच चावते, पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, उलटी होते, घरचे अ‍ॅसिडिटीची गोळी देतात, मग पापण्या जड होतात तर म्हणतात झोप झाली नसेल, आणि गिळता येईना तेव्हा धावाधाव. विष मज्जातंतूंवर काम करतं, श्वासाचे स्नायूच थांबतात. पापण्या उघडत नाहीत तरी पेशंटला सगळं ऐकू येत असतं, त्यामुळे गेला असं समजून उपचार सोडू नका, व्हेंटिलेटरवर माणसं वाचतात.

बांधणं, ब्लेड मारणं, चोखणं काही नको. १०८ ला फोन करा, हात-पाय हलू न देता ससूनसारख्या व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला न्या. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका, आपल्याकडचं अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच आहे. ते लवकर मिळायला हवं, कारण मज्जातंतूंचं झालेलं नुकसान ते भरून काढत नाही. काही होत नाहीये वाटलं तरी २४ तास हॉस्पिटलमध्येच थांबा.

आणि जमिनीवर झोपणं, बांधकामाच्या साइटवर, वॉचमनच्या खोलीत तर सर्रास चालतं. खाट मिळाली तर उत्तम, नाहीतर मच्छरदाणी तरी लावा, पण कडा गादीखाली नीट खोचून.