अपक्ष उभे राहायचे असेल तर आधी प्रभागाचा नकाशा वाचा

पुणे महानगरपालिकेच्या जानेवारी 2026 च्या निवडणुकीत मी अपक्ष म्हणून उभी राहिले आणि पडले. त्यानंतर आमच्या भागातली दोन-तीन तरुण मंडळी घरी येऊन गेली. पुढच्या वेळी आम्हालाही उभे राहायचे आहे, ताई, तयारी कुठून सुरू करायची, असे त्यांनी विचारले. पत्रके किती छापावीत, रिक्षा किती दिवस फिरवावी, असल्या प्रश्नांची उत्तरे मी देईन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांच्यासमोर प्रभागाचा नकाशा आणि लोकसंख्येचा तक्ता ठेवला, कारण माझी उमेदवारी त्या दोन कागदांतूनच निघाली होती.

मी पुण्याच्या काठावरच्या नऱ्हे गावात राहते आणि कर सल्लागार म्हणून काम करते. जून 2021 च्या अखेरीस आमचे गाव आणखी 22 गावांबरोबर महापालिकेत आले आणि ग्रामपंचायत बरखास्त झाली. पुढे मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे रात्री-अपरात्री ज्याचे दार ठोठावता येईल असा सरपंच गेला आणि त्याच्या जागी नगरसेवक यायला साडेचार वर्षे लागली. या काळात आम्ही कर महापालिकेला भरत होतो, पाणी मात्र टँकरचे पीत होतो. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले आणि पाण्याविषयी शंका घेतली जाऊ लागली, तेव्हा सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा आमचा माणूस कोणी नव्हता. आमच्याआधी, 2017 मध्ये समाविष्ट झालेल्या 11 गावांची अवस्था याहून थोडीच बरी होती. त्या सर्व गावांना मिळून 2019 मध्ये दोन नगरसेवक मिळाले, आणि त्याच वेळी शहरातल्या बहुतेक प्रभागांत प्रत्येकी चार नगरसेवक बसलेले होते.

हे सारे आता संपले, निवडणूक झाली, नगरसेवक आले, असे कोणी म्हणेल. माझा मुद्दा त्यापुढे सुरू होतो. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीनंतर महापालिकेची मुदत पाच वर्षांची ठरलेली आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधान सांगते. ती वेळेवर होणे ही प्रतिनिधित्वाची पहिली अट आहे. दुसरी अट अशी की सर्वांच्या मताचे वजन सारखे असावे. 165 जागांची विभागणी 2011 च्या जनगणनेवर झाली आणि त्या जनगणनेनुसार आजच्या हद्दीतली लोकसंख्या सुमारे 34 लाख 81 हजार भरते. एका नगरसेवकामागे साधारण 21 हजार, चारसदस्यीय प्रभागामागे सुमारे 84 हजार माणसे. प्रत्यक्षात मतदारच साडेपस्तीस लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे हिशेबात धरलेल्या एकूण माणसांपेक्षा, त्यांतल्या तान्ह्या मुलांसकट, आज मतदार जास्त आहेत. ही वाढ सगळीकडे सारखी झालेली नाही. पेठांमधली वस्ती जवळपास तेवढीच राहिली आणि इमारती उभ्या राहिल्या त्या वाघोलीत, उंड्रीत, धायरीत, आमच्याकडे. कागदावर समान असलेले प्रभाग प्रत्यक्षात समान नसतात आणि काठावर राहणाऱ्याचे मत मध्यभागातल्या मतापेक्षा हलके पडते. माझ्या प्रचाराचा सगळा आधार हा एवढाच होता.

नवख्या उमेदवाराने म्हणूनच प्रारूप प्रभागरचना, म्हणजे प्रभागांच्या सीमांचा कच्चा आराखडा, जाहीर होते तो दिवस चुकवू नये. गेल्या खेपेस तो ऑगस्ट 2025 मध्ये आला आणि हरकतींसाठी जेमतेम दोन आठवडे मिळाले. आमच्यावर अन्याय झाला आहे, एवढ्याच आशयाचे शंभर सह्यांचे निवेदन तिथे उपयोगी पडत नाही. प्रभागाची रचना प्रगणक गटांच्या, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या वस्तीगटांच्या, आधारे होते, म्हणून कोणता प्रगणक गट कुठून कुठे हलवावा, त्याने दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होते, आणि नवी सीमा नाल्यावरून, महामार्गावरून की रेल्वेमार्गावरून जाते, हे लिहावे लागते. माझ्या पहिल्या मसुद्यात रागच जास्त होता. एका निवृत्त शिक्षकांनी तो वाचून परत केला आणि म्हणाले, "यात आकडे कुठे आहेत?" दुसरा मसुदा दीड पानाचा झाला. सुनावणीत मला बोलायला मोजकी मिनिटे मिळाली, पण अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवून प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले. हरकत मान्य झाली नाही, पण ती नोंदवली गेली याचे समाधान मला आजही आहे.

त्यानंतर मतदारयादी. या निवडणुकीसाठी विधानसभेची 1 जुलै 2025 रोजीची यादी घेऊन ती प्रभागांत फोडण्यात आली, त्यामुळे ज्यांनी त्यानंतर नाव नोंदवले त्यांना मत देता आले नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चार संध्याकाळी आम्ही यादीचे गठ्ठे घेऊन बसलो, एकाने नाव वाचायचे, दुसऱ्याने फ्लॅट क्रमांक सांगायचा. त्यात समोरच्या संकुलातली एक अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात गेलेली सापडली. दोन विंग आमच्याकडे, तिसरी पलीकडे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही, पण ज्या उमेदवाराने यादी वाचलेली नाही त्याला दारात उभा असलेला माणूस आपला मतदार आहे की नाही, हेही कळत नाही.

अर्ज भरण्याविषयी फार लिहीत नाही. सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागातले मतदार हवेत, शपथपत्रातला एकही रकाना कोरा सोडू नये, थकबाकी नसल्याचा दाखला आठवडाभर आधी मागावा, निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे. शेवटच्या दिवशी जाऊ नये, कारण त्या दिवशी पक्षांच्या एबी फॉर्मची, म्हणजे अधिकृत उमेदवारीच्या पत्रांची, धावपळ असते आणि त्या गर्दीत अपक्षाकडे कोणी पाहत नाही.

खरी अडचण चिन्हाची आहे. मला कपबशी मिळाली ती 3 जानेवारीला, आणि प्रचार 13 तारखेच्या संध्याकाळी संपला. पक्षांची चिन्हे लोकांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे आहेत. अपक्षाला दहा-अकरा दिवसांत सुमारे 84 हजारांच्या वस्तीत आपले नवे चिन्ह पोहोचवायचे असते. त्यात चारसदस्यीय पद्धतीत मतदाराने अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणे दाबायची. पक्षाचा कार्यकर्ता एकच चिन्ह चार वेळा दाबा म्हणतो आणि ते लक्षात राहते. मी ‘ड’ जागेवर होते. प्रचारफेरीत एका आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग बाकीच्या तीन ठिकाणी कपबशी का नाही गं?" त्यांना समाधानकारक उत्तर देणे मला जमले नाही. मुंबईत 227 प्रभाग आहेत आणि प्रत्येकात एकच नगरसेवक; त्याच राज्यात पुण्याच्या मतदाराला चार का लागतात, याचे उत्तर खरे तर मलाही मिळालेले नाही. गटार तुंबले की चौघांपैकी कोणाला धरायचे, हा प्रश्न निवडणुकीनंतरचा.

माझी जागा सर्वसाधारण होती, म्हणून ‘महिलांची जागा आहे ना, मग इथे कशाला?’ हे मी बऱ्याच दारांत ऐकले. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत म्हणजे उरलेल्या निम्म्या पुरुषांसाठी राखीव नाहीत, हे शिकल्या-सवरलेल्या घरांतही समजावून सांगावे लागले.

‘एकटी निवडून येऊन करणार काय?’ हा मात्र रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तयार ठेवावे. मी जोतीराव फुल्यांचे उदाहरण देत असे. 1876 पासून ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते, आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पालिकेचा पैसा खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी एकट्याने विरोध केला. खर्च थांबला नाही, पण विरोध झाल्याचे नोंदले गेले आणि दीडशे वर्षांनी आपण ते सांगतो आहोत. हे सांगितल्यावर काही जण हसले, काहींनी आत बोलावून चहा दिला. चहा दिलेल्या सगळ्यांनी मत दिले असते तर निकाल वेगळा लागला असता.

पडल्यानंतरही एक काम राहते. निकालापासून 30 दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो आणि तो पडलेल्यांनाही चुकत नाही. माझा हिशेब 22 व्या दिवशी गेला. पोच घेऊन आले, ती फाइलीत लावली आणि हरकतीच्या त्या दीड पानाच्या मसुद्याची प्रत त्याच फाइलीत, तिच्यावर ठेवली. नवी जनगणना झाली की त्या मसुद्यातले आकडे तेवढे बदलायचे आहेत.