फायनल फँटसी सेव्हन: आधी जुना की थेट रीमेक?

पहिल्यांदाच खेळणार असाल तर १९९७चा मूळ गेम आधी घ्या. २०२०चा रीमेक म्हणजे तीच गोष्ट नव्या रंगात, असं समजू नका. तो फक्त मिडगार, म्हणजे कथा जिथे सुरू होते त्या शहरापुरता आहे. मूळ गेममध्ये पाच-सहा तासांत उरकणारा हा भाग इथे तीसेक तास चालतो, आणि पुढची कथा २०२४च्या 'रीबर्थ' या वेगळ्या गेममध्ये, म्हणजे पुन्हा खिशाला कात्री. शिवाय रीमेक मध्येच कथेशी खोड्या काढतो. मूळ कथा माहीत नसेल तर त्यातली गंमत हुकते.

जुन्यातली ठोकळ्यांसारखी दिसणारी पात्रं सुरुवातीला खटकतील, मग त्यांची सवय होते. हा गेम फोनवरही मिळतो. विरार लोकलमध्ये खिडकी मिळाली (मिळाली तर!) की चर्चगेटपर्यंत मजेत खेळता येतो. पावलोपावली होणाऱ्या लढाया नकोशा झाल्या तर फोनवर त्या बंद करायची सोयही आहे.

जुन्यातल्यासारखं पाळीपाळीने लढण्याचा अगदीच कंटाळा असेल तर सरळ रीमेक घ्या. फक्त पीसीवर १०० जीबी जागा मोकळी आहे ना, ते विकत घेण्याआधी बघा.