फ्रीलान्सर पोरांनो, डिझाइन राहू द्या, आधी फोन उचला

मराठवाड्यात हात चांगला असलेल्या पोरांना तोटा नाही. कोरल येतं, फोटोशॉप येतं, ड्रोनही उडवता येतो. तरी एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दारात येत नाही. मग पोरगा म्हणतो, 'आपल्याकडं कलेला किंमतच नाही, पुण्याला जावं लागतंय.' जा बाबा. फोन तिथंही उचलावाच लागतो.

'झालंच आहे सर, फाइल एक्स्पोर्ट व्हायलीय'

या वाक्याची मला चीड आहे. याच्या पायी बुडालेली कामं वाईट डिझाइनमुळं बुडालेल्या कामांपेक्षा जास्त असतील.

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात काय होतं ते तिकडच्यांना सांगायला नको. कुणाच्या पोरांना 720 पैकी किती, हे ज्याच्या फ्लेक्सवर आधी झळकलं त्याच्याकडं पालक आधी वळतात. एका क्लासवाल्या सरांना मी एक पोरगा सुचवला होता. हात खरंच भारी. डिझाइन आधीच तयार, निकालादिवशी फक्त फोटो आणि मार्क भरायचे. दुपारी सरांनी विचारलं, पोरगा म्हणाला, 'अर्ध्या तासात पाठवतो.' तासाभरानं तेच. नंतर 'झालंच आहे.' त्यानंतर फोन बंद.

खरी अडचण साधी होती. मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, मोठे केले की फाटत होते, म्हणजे ठिपके-ठिपके दिसत होते, आणि हा एकेक फोटो घासत बसला होता. तिकडं प्रिंटिंगवाला मशीन मोकळी ठेवून बसलेला, सर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून. दिवस मावळायच्या आत समोरच्या क्लासचे फ्लेक्स चौकात चढले. याची फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आणि चौकातल्या सगळ्या फ्लेक्सपेक्षा देखणी होती. सरांनी पैसे पूर्ण दिले, एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला गेलं, आणि तो पोरगा मी सुचवलेला म्हणून मलाही विचारलं नाही.

दुपारीच 'सर, फोटो फाटायलेत, ओरिजनल पाठवा नाहीतर छोटे वापरू' एवढं म्हणाला असता तर काम वाचलं असतं. माझी सवय सांगतो. उशीर होणार हे ज्या क्षणी कळतं त्या क्षणी मी फोन करतो. मेसेज नाही, फोन. आणि नवी वेळ सांगताना मनात येते त्याच्या दुप्पट सांगतो. समोरचा चिडतो, दोन शब्द ऐकवतो, पण त्याला दुसरी सोय करायला वेळ मिळतो.

'पैशाचं काय, तुम्हीच समजून द्या'

हा नम्रपणा नाही, भित्रेपणा आहे. समोरचा समजून देतो, पण त्याच्या समजुतीनं. मग पोरगा गावभर सांगत फिरतो की फसवलं. अरे, तू आकडा बोललास कधी?

मी पहिल्याच भेटीत आकडा सांगतो आणि गप्प बसतो. ते गप्प बसणं अवघड आहे. नवीन पोरं आकडा सांगतात आणि लगेच पुढं जोडतात, 'पण कमी-जास्त करू.' म्हणजे कमीच. घासाघीस झाली तर पैसे कमी करू नका, काम कमी करा: तीन डिझाइनऐवजी एक, दोन कॅमेऱ्यांऐवजी एक. अर्धे पैसे आधी. लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी तर दुसरा हप्ता हळदीच्या आत घ्यावा. नवरी नांदायला गेली की घरातले सगळे थकलेले असतात, खिसाही थकलेला असतो आणि अल्बमची घाई कुणालाच नसते.

आणि 'सोयाबीन निघू द्या, मग बघू' याला खोटं समजू नका. आपल्याकडं खरंच सोयाबीन विकल्यावर पैसा फिरतो, दुकानदाराकडंही तेव्हाच येतो. फक्त निघाल्यावर म्हणजे कोणत्या आठवड्यात, हे तिथंच विचारून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा.

बोलणारा एक, ठरवणारा दुसरा

वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काम घेऊन येतो तो कार्यकर्ता. त्याला सगळंच आवडतं. रात्री फ्लेक्स लागतो आणि सकाळी भाऊंचा फोन: जिल्हाध्यक्षांचा फोटो तालुकाध्यक्षांपेक्षा लहान का? लग्नपत्रिकेतही तेच. नवरदेव पसंत करतो आणि मोठ्या चुलत्याचं नाव खाली गेलं म्हणून छापलेला गठ्ठा परत येतो. मी नावं आणि फोटो क्रम लावून लेखी मागतो आणि विचारतो, 'घरात शेवटचं कोण बघणार?' त्या माणसाचा 'चालेल' आल्याशिवाय फाइल प्रेसला जात नाही. वेळ लागतो. लागू द्या.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. आधीच्या डिझायनरला नावं ठेवू नका, तो बहुतेक मालकाचा भाचा निघतो. 'मजा येईना' असं कुणी म्हटलं तर रुसू नका, 'कुठं खटकतंय, रंगात की अक्षरात?' असं विचारा. आणि एआयनं दोन मिनिटांत काढलेला लोगो तीन दिवसांची मेहनत म्हणून खपवू नका, आता गिऱ्हाईकाच्या पोरालाही ते येतं.

कंपनीचं काम मिळालं की नवीन भांडण सुरू होतं: 'दहा टक्के कापून घेतले!' तो टीडीएस आहे, म्हणजे आधीच कापलेला आयकर, तुमच्याच पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना हिशेबात धरता येतो. त्यावरून अकाउंटंटशी भांडू नका. बिल अडकलं तर मालकाला सकाळ-संध्याकाळ फोन करू नका, त्याला ते बिल कुठल्या टेबलावर आहे तेही माहीत नसतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून ठेवा, ती फुकट होते. अशा नोंदलेल्या धंद्याला लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत, असं छोट्या उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. पण कायदा काढायच्या आधी जाऊन अकाउंटंटसमोर बसा, चहा घ्या, बिलात काय कमी आहे ते विचारा. बहुतेक वेळा पॅन नंबर लिहायचा राहिलेला असतो.