बंब येईपर्यंत

स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या केंद्रावर चोवीस तास माणसं बसलेली नसतात. फोन आला की कोणी दुकानातून, कोणी झोपेतून उठून येतो, जाकीट-बूट चढवतो, मग गाडी निघते. तोवरची मिनिटं तुमची. म्हणूनच दलाची माणसं आग नसतानाही घरोघरी धूरसूचक तपासतात, बंद दार उघडण्याआधी ते तापलंय का हे हाताच्या मागच्या बाजूने कसं चाचपावं हे मुलांना शिकवतात आणि उन्हाळ्यापूर्वी पाचोळा काढा म्हणून मागे लागतात.

उन्हाळ्यात सगळ्यात फसवी असते ती विझलेली शेकोटी. वरची राख पांढरी, गार दिसते, पण पोटातला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. वारा सुटला की फुलतो. नुसती माती लोटून निघून जाऊ नका. मातीखाली धग टिकते, सुक्या मुळांतून पुढेही सरकते. बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, ओंडके उलटे करून खालची बाजू भिजवा. चर्र आवाज थांबला की हाताची मागची बाजू राखेच्या जवळ धरा, टेकवू नका. ऊब लागली तर आणखी एक बादली. राख हलवायचीच तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात; प्लॅस्टिकच्या कचरापेटीत कधीच नाही.

घराच्या भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळण्याजोगं काही नको. पन्हळीतला पाचोळा आधी काढा, कारण उडालेली ठिणगी तिथेच अडकते. वाळलेलं गवत यंत्राने कापायचं तर सकाळी लवकर, दव असताना. दुपारी पात्याला दगड लागला तरी ठिणगी पुरते. गाडी सुक्या गवतावर लावू नका, खालचा धूरनळा तापलेला असतो.

अग्निशामकाचा, म्हणजे आग विझवायच्या नळकांड्याचा, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, महिन्यातून एकदा बघा. वापरताना बाहेरचं दार पाठीशी ठेवा. पिन ओढा, साधारण दोन मीटरवरून नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखा, मूठ दाबून डावी-उजवीकडे फिरवा. बहुतेक जण ज्वाळेच्या शेंड्यावर मारतात; पावडर उडून जाते आणि खाली जळतच राहतं. लहान अग्निशामक आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात आग दबली नाही तर बाहेर पडा, परत आत जाऊ नका. पेटलेल्या तेलावर पाणी मुळीच नको: त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल उसळतं. भांड्यावर झाकण सरकवा, शेगडी बंद करा.

धावपळ करणारा कोणी उन्हाने बरळू लागला तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा.

फोनवर पत्ता आधी सांगा, मग काय जळतंय, आत कोणी आहे का. समोरच्याने सांगेपर्यंत फोन ठेवू नका. एक जण रस्त्यावर उभा करा, फाटक उघडा, वाटेतली गाडी काढा. आणि कुत्रा बांधून ठेवा.