एकट्यानं सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यू कशी खेळावी: भारतातल्या हॅमसाठी मार्गदर्शक

नोव्हेंबरमधला शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार हा मोर्स कोडवाल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींचा सण. जगभरातल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करण्याच्या सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्स स्पर्धेचा सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा, भाग त्या दोन दिवसांत होतो. शनिवारी ००:०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) सुरुवात, रविवारी २३:५९ ला शेवट. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच, सलग ४८ तास.

आपल्याकडचा नवा स्पर्धक बहुतेक वेळा दबकतच बँडवर (वारंवारतांच्या ठरावीक पट्ट्यावर) येतो. रिग (रेडिओ संच) १०० वॉटची, गच्चीवर एक तार, आणि समोर मोठमोठ्या टॉवरवाली स्टेशनं. मग तो दोन दिवस डायल फिरवत दुसऱ्यांना हाका मारत राहतो. पण स्पर्धेसाठी जगाचे झोन पाडलेले आहेत आणि भारत झोन २२ मध्ये येतो. या झोनमध्ये आपल्याखेरीज श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव आणि आपलंच लक्षद्वीप एवढेच प्रदेश आहेत, आणि इथून मोर्सवर येणारी स्टेशनं मोजकी. युरोपातल्या प्रत्येक स्पर्धकाला हा झोन प्रत्येक बँडवर हवा असतो, कारण नव्या झोननं गुण वाढतात. म्हणजे ज्यांना तुम्ही शोधता आहात, तेच तुम्हाला शोधत असतात. तेव्हा एकट्यानं खेळताना पहिला निर्णय हाच घ्या: जमेल तितका वेळ स्वतः सीक्यू, म्हणजे सर्वांना हाक, द्यायचा.

आधी गुणांचं गणित

स्पर्धा १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर या सहा बँडवर चालते. प्रत्येक संपर्कात सिग्नल रिपोर्ट आणि झोन द्यायचा, म्हणजे आपण पाठवायचं ‘५एनएन २२’ (एन म्हणजे ९). दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला ३ गुण, आशियातल्याच दुसऱ्या देशाला १ गुण, भारतातल्या भारतात शून्य. मात्र भारतातला एक संपर्कही त्या बँडवर देश आणि झोन म्हणून मोजला जातो, त्यामुळे प्रत्येक बँडवर एक तरी व्हीयू (भारतीय) स्टेशन लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) घ्या.

संपर्कांच्या गुणांची बेरीज गुणिले प्रत्येक बँडवर मिळालेले झोन आणि देश, म्हणजे मल्टिप्लायर. हे झाले अंतिम गुण. समजा ५०० संपर्क झाले. त्यांतले ३५० युरोप-अमेरिकेचे, म्हणजे १०५० गुण. १५० जपान, चीन वगैरे, म्हणजे १५० गुण. बेरीज १२००. झोन ६० आणि देश १४० मिळाले तर २०० मल्टिप्लायर. १२०० गुणिले २०० म्हणजे २,४०,००० गुण.

आता यात एक नवा मल्टिप्लायर वाढवला तर १२०० गुण वाढतात. एक युरोपियन संपर्क वाढवला तर ३ गुणिले २००, म्हणजे ६००. म्हणजे एक मल्टिप्लायर दोन युरोपियन किंवा सहा जपानी संपर्कांच्या तोलाचा. हे आकडे कागदावर लिहून रिगशेजारी चिकटवा. कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटाच्या पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला हाक मारणाऱ्यांच्या गर्दीत) दहा मिनिटं घालवायची की नाही, हा प्रश्न मध्यरात्री पडतो आणि तेव्हा डोकं चालत नाही. सीक्यूवर मिनिटाला एक युरोपियन येत असेल तर त्या दहा मिनिटांत दहा संपर्क होतात. बेट सोडा. बँड थंड असेल तर मात्र बेटाच्या मागे लागा.

कोणत्या गटात उतरायचं

एकट्यानं खेळण्याचा अर्थ ऐकणं, पाठवणं, लॉग करणं सगळं एकाच माणसानं करायचं. सिंगल ऑपरेटर गटात डीएक्स क्लस्टर, स्किमर असं स्टेशन शोधून देणारं काहीही वापरता येत नाही. ते हवं असेल तर असिस्टेड गट निवडा. शक्तीनुसार ५ वॉटपर्यंत क्यूआरपी, १०० वॉटपर्यंत लो पॉवर, त्यावर हाय पॉवर. सहा बँड झेपत नसतील तर एकाच बँडचा गट असतो.

पहिल्यांदा उतरणाऱ्याला मी लो पॉवर आणि जोडीला ‘क्लासिक’ ओव्हरले (मुख्य गटासोबत घेता येणारा जादा गट) सुचवेन. त्यात ४८ पैकी २४ तासच खेळायचं असतं, एकच रेडिओ, कोणतीही मदत नाही. मधली विश्रांती किमान ६० मिनिटांची असली तरच धरली जाते. रात्री झोप घेऊनही यात कसून स्पर्धा करता येते. परवाना मिळून तीन वर्षांच्या आत असाल तर ‘रूकी’ ओव्हरलेही पाहा.

परवान्याच्या अटी मात्र स्पर्धेच्या नियमांच्या वर. तुमच्या ग्रेडला किती शक्ती आणि कोणती वारंवारता दिली आहे, ते परवान्याच्या तक्त्यात पाहून प्रत्येक बँडची हद्द लिहून ठेवा.

कान तयार करणं

जनरल ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स पुरतो. स्पर्धेत मात्र २८ ते ३४ चा वेग सर्रास असतो. आकडा ऐकून घाबरू नका, कारण इथे गप्पा नसतात. समोरून फक्त कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) आणि दोन आकडी झोन येतो, रिपोर्ट तर कायम ५एनएनच. शब्द शब्द जोडून वाचण्याची गरज नाही, कॉलसाइनचा अखंड नाद ओळखता आला पाहिजे.

त्यासाठी ‘मोर्स रनर’ हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. ते खोटा पाइलअप तयार करतं: एकाच वेळी तिघे-चौघे हाक मारतात, एखादा क्षीण, एखादा भलत्याच वेगाचा. दोन-तीन महिने रोज अर्धा तास पुरे, पण खंड पडू देऊ नका. जिथे ऐंशी टक्के कॉल पहिल्या फटक्यात जमतात त्याच्या थोडा वरचा वेग ठेवा. संक्षिप्त आकड्यांची सवय करा: ९ साठी एन, शून्यासाठी टी, १ साठी ए. त्यामुळे झोन १४ कधी ‘ए४’ असा येतो.

पाठवताना आपला कॉलसाइन स्वच्छ सुटला पाहिजे. व्ही म्हणजे तीन डिट (टिंब) एक डा (रेघ), यू म्हणजे दोन डिट एक डा, आणि लगेच २ किंवा ३. अंतर आवळलं की क्षीण सिग्नलवर हा सगळा गोळा होतो. मेमरी कीअर (साठवलेला संदेश पाठवणारं यंत्र) किंवा संगणकावरून पाठवा, पण पॅडल (हातानं मोर्स पाठवायची कळ) हाताशी असू द्या, अर्धवट कॉलला उत्तर देताना तेच कामाला येतं.

तार, आवाज आणि संगणक

अर्धलहरी डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाची) लांबी मीटरमध्ये काढायला १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा. ७.०२५ साठी सुमारे २०.४ मीटर, १४.०५ साठी सुमारे १०.२ मीटर. ४० मीटरचा डायपोल तिसऱ्या हार्मोनिकमुळे १५ वरही चालतो, म्हणून जागा थोडी असेल तर ही एक तार आणि जोडीला २० ची एक, एवढ्यावर भागतं. मध्य उंच, टोकं खाली उतरती, असा इन्व्हर्टेड व्ही सोसायटीच्या गच्चीवर एका बांबूवर उभा राहतो. फीड पॉइंटला (केबल तारेला जुळते तिथे) चोक (केबलवरचा नको असलेला प्रवाह अडवणारी गुंडाळी) घाला, नाहीतर शेजारच्यांचा टीव्ही आणि तुमचा कीबोर्ड दोन्ही बिघडतील.

तारेपेक्षा मोठा प्रश्न शहरातल्या आवाजाचा. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, गच्चीवरचे सोलर पॅनेल. स्पर्धेच्या आठवडाभर आधी रिग बॅटरीवर चालवा, घरातला मेन स्विच बंद करा आणि एकेक सर्किट चालू करत एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा रिगवरचा काटा) पाहा. गुन्हेगार बहुधा आपल्याच घरात सापडतो. नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे पावसाळी विजांचा कडकडाट ओसरलेला असतो, त्यामुळे ४० आणि ८० मीटरवर ऐकणं मे-जूनच्या मानानं फार सुखाचं.

लॉगिंगसाठी विंडोजवर ‘एन१एमएम’ मोफत मिळतं. एफ१ वर सीक्यू, एफ२ वर रिपोर्ट-झोन, एफ३ वर आभार आणि आपला कॉल, एफ४ वर नुसता आपला कॉल, एवढी चार बटणं बोटांत बसू द्या. संगणकाचं घड्याळ यूटीसीशी जुळवा. रिगला ५०० हर्ट्झचा फिल्टर नेहमीसाठी, गर्दीत २५०.

घड्याळाप्रमाणे बँड

एकट्या माणसाचे निम्मे गुण इथे ठरतात. महाराष्ट्रातून साधारण असं जमतं:

- पहाटे साडेपाच ते सूर्योदय: ४० आणि ८० मीटर. युरोपात अजून रात्र असते. सूर्योदयाच्या आसपास अमेरिकेचा पूर्व किनाराही ४० वर उठतो.
- सकाळ: १५ आणि १० मीटरवर जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया. जपानी हॅम शिस्तीचे, संपर्क भराभर होतात, पण गुण एकच. तासभर पुरे. मधूनमधून इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि पॅसिफिकची बेटं शोधा.
- दुपारी साडेबारानंतर: १० आणि १५ वर युरोप उघडतो. तीन गुणांची खरी कमाई हीच. जेवण त्याआधी उरकून घ्या.
- संध्याकाळ: २० आणि १५ वर युरोप चालू राहतो. सौर परिस्थिती चांगली असेल तर सहा ते नऊच्या दरम्यान १५ वर अमेरिकेचा पूर्व किनारा, म्हणजे झोन ५, ऐकू येतो. याच सुमारास ४० वर जपान आणि नशीब असेल तर ध्रुवावरून अमेरिकेचा पश्चिम किनारा, झोन ३.
- रात्र: ४० मीटर. युरोप, आखात, आफ्रिका. मध्यरात्रीनंतर कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिका.

सूर्याच्या चढउताराच्या सध्याच्या आवर्तनाचा, म्हणजे सौरचक्र २५ चा, कळस २०२४ च्या आसपास होऊन गेला. पुढच्या वर्षांत १० मीटर हळूहळू आखडेल आणि भार १५ व २० वर येईल, तेव्हा हा आराखडा दरवर्षी तपासून घ्या. झोपायचं तर रात्री अकरा ते अडीचच्या सुमारास, दुपारी कधीच नाही.

प्रत्यक्ष बँडवर

बँडचा तळ मोठ्या स्टेशनांनी भरलेला असतो. तिथे १०० वॉटनं भांडू नका. २० मीटरवर १४.०४० च्या वर सरका, मात्र १४.०७४ च्या आसपास एफटी८ (संगणकावरची डिजिटल पद्धत) चालतं, ते टाळा. रिकामी जागा दिसली की ‘क्यूआरएल?’ (जागा वापरात आहे का?) दोनदा विचारा, मगच सीक्यू: ‘टेस्ट’ (म्हणजे स्पर्धा), दोनदा कॉलसाइन, ‘टेस्ट’. बास. दोन सीक्यूंमध्ये दोन-तीन सेकंद ऐका.

रिव्हर्स बीकन नेटवर्कचे स्किमर (सीक्यू ऐकून कॉलसाइन इंटरनेटवर टाकणारे स्वयंचलित रिसीव्हर) तुम्हाला आपोआप टिपतात आणि अचानक गर्दी होते. क्लस्टरवर क्लिक करून आलेले सगळे एकाच वारंवारतेवर येतात, त्यामुळे कानात अक्षरं न येता नुसता एक लांब सूर येतो. अशा वेळी पुन्हा सीक्यू देऊ नका, गर्दी वाढेल. आरआयटी (फक्त ऐकण्याची वारंवारता सरकवणारं बटण) शंभर-दीडशे हर्ट्झनं हलवा. बाजूला सरकून हाक मारणारा एखादा शहाणा तिथे स्पष्ट मिळतो. कॉलसाइनमधलं ‘डीएल५’ एवढंच कळलं तर ‘डीएल५?’ एवढंच पाठवा. त्यावर भलताच कुणी बोलला तरी डीएल५ पूर्ण होईपर्यंत त्यालाच धरून ठेवा. एकदा ढिलाई दिसली की सगळा पाइलअप बेशिस्त होतो.

सॉफ्टवेअर कॉलसाइन पाहून झोन आधीच भरून ठेवतं. अमेरिकेच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. तिथे माणूस दुसऱ्या राज्यात गेला तरी जुना कॉल ठेवू शकतो, त्यामुळे ३, ४ की ५ हे कानानंच ठरवायचं. कॉलसाइनमध्ये शंका असेल तर लगेच विचारा. लॉग एकमेकांशी ताडून पाहिले जातात. चुकीचा कॉल निघाला तर तो संपर्क जातोच, वर दंडाचे गुणही कापले जातात. तीन सेकंदांचा प्रश्न त्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

दहा मिनिटांत कुणी आलं नाही की सीक्यू थांबवून बँड खालून वर धुंडाळा आणि नवे मल्टिप्लायर उचला. पुन्हा जागा धरा. कुणी दुसऱ्यांदा हाक मारली तर वाद न घालता संपर्क करा आणि नोंद तशीच राहू द्या. दुबार नोंदीला दंड नाही.

लॉग पाठवणं

स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांत कॅब्रिलो या स्पर्धा-लॉगच्या ठरलेल्या स्वरूपातली फाइल स्पर्धेच्या संकेतस्थळावर चढवायची. सॉफ्टवेअर ती एका बटणावर तयार करतं. तुम्ही फक्त गट, शक्ती, ओव्हरले आणि झोन २२ बरोबर आहेत का ते पाहा. स्पर्धेनंतर इंटरनेटवर कॉल शोधून लॉग दुरुस्त करायचा नाही, नियमांतही ते बसत नाही. साठच संपर्क झाले असले तरी लॉग पाठवा, कारण तुमच्याशी बोललेल्यांचे संपर्क त्यावरून पडताळले जातात. निकालानंतर मिळणाऱ्या तपासणी अहवालात चुकलेला प्रत्येक कॉल आणि त्याचं खरं रूप शेजारी शेजारी दिलेलं असतं. कोणती अक्षरं तुमच्या कानाला चकवतात ते त्यातून कळतं, आणि पुढचा सराव तिथूनच सुरू करता येतो.