राष्ट्रांविषयीचे भाकीत कसे वाचावे: यिर्मयाच्या जुवापासून सुरुवात

बायबलमधले एखादे भाकीत वाचले की लगेच ‘हा कोणता देश?’ म्हणत बोट आजच्या बातमीवर जाते. तो प्रश्न थोडा मागे ठेवा. सरावासाठी संदेष्टा यिर्मया याच्या पुस्तकाचे २७ आणि २८ हे दोन अध्याय घ्या.

आधी कागदावर साल आणि नावे लिहा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यहूदाची राजधानी यरुशलेम घेतली आणि सिद्कीयाला तिथल्या गादीवर बसवले. पुढे ५९५-९४ च्या सुमारास खुद्द बाबेलातच बंड झाले. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन या शेजारी राज्यांचे वकील, म्हणजे राजदूत, यरुशलेमात जमलेले दिसतात. बाबेलविरुद्ध उठावाची खलबते करायला, हे ओळखायला फार डोके लागत नाही. (२७ व्या अध्यायाच्या पहिल्या वचनात बहुतेक हिब्रू प्रतींत आधीच्या राजाचे, यहोयाकीमाचे, नाव येते आणि तिसऱ्यात सिद्कीयाचे. नकलकाराची चूक असावी. तिथे अडकू नका.)

मग संदेष्टा काय करतो ते पाहा. यिर्मया मानेवर जू घेऊन उभा आहे. बैल जुंपताना पाहिलाय का? मान खाली घातली, शिवळ बसली, जोतं आवळलं की बैलाला हवं तिकडे वळता येत नाही. परराष्ट्रांच्या वकिलांपुढे हा माणूस स्वतःच बैल झालाय: बाबेलचे जू मानेवर घ्या, हाच त्याचा निरोप.

आता सर्वांत अवघड शब्दाखाली रेघ ओढा: नबुखद्नेस्सराला देव ‘माझा सेवक’ म्हणतो. देवाची सत्ता मानायची म्हणजे या वेळी शत्रूपुढे मान तुकवायची. ऐकणाऱ्यांच्या अंगाचा तिळपापड झाला असणार. हा शब्द मवाळ करून वाचू नका. पण त्याच्या दोन बाजूही सोडू नका: जे राष्ट्र जुवाखाली मान देईल ते आपल्याच जमिनीत राहून ती कसेल (२७:११), आणि बाबेलचीही वेळ भरेल (२७:७). ती इ.स.पू. ५३९ मध्ये भरली. पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले.

यानंतर विरोधी आवाज ऐका. गिबोनचा संदेष्टा हनन्याही ‘परमेश्वर म्हणतो’ असेच म्हणतो. बाबेलला नेलेली माणसे आणि मंदिरातली पात्रे दोन वर्षांत परत येतील, असे सांगून तो यिर्मयाच्या मानेवरचे जू मोडतो. यिर्मया आधीच म्हणालाय, ‘आमेन, तसेच होवो’. जू मोडल्यावर तो गुपचूप निघून जातो. मला हा क्षण फार खरा वाटतो. मोडलेल्या लाकडी जुवाच्या जागी आता लोखंडी जू येईल, हा देवाचा निरोप त्याला नंतर मिळतो. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो.

आता आजचा प्रश्न काढायला हरकत नाही. कुणी एखाद्या नेत्याला ‘देवाचा सेवक’ ठरवून वचन पुढे केले, तर ५१:५९-६४ उघडा. तेही सिद्कीयाचे चौथेच वर्ष. बाबेलला निघालेल्या सराया या अधिकाऱ्याला यिर्मया एक गुंडाळी देतो, तीत त्याच ‘सेवका’च्या बाबेलच्या नाशाची वचने आहेत. ती तिथे वाच, म्हणतो, मग दगड बांधून फरात नदीत टाक.